विकसनसाधने आणि जुने रनटाइम : सुसंगततेच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना सामान्यतः नव्या शोधांचा क्रम मांडला जातो. कोणते यंत्र कोणत्या वर्षी आले, कोणती भाषा कोणी निर्माण केली, कोणत्या कंपनीने बाजारपेठ काबीज केली, अशा नोंदींनी हा इतिहास भरलेला असतो. नवे आल्यानंतर जुन्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्यात बहुधा दुय्यम ठरतो. वस्तुतः कार्यालये, बँका, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांचा दैनंदिन व्यवहार ज्या आज्ञावल्यांवर चालतो, त्यांपैकी पुष्कळशा दहा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या असतात. अशा आज्ञावलीत एखादी लहानशी दुरुस्ती करावयाची झाली, तर आज उपलब्ध असलेल्या साधनाने ती करता येईल काय, आणि दुरुस्त झालेली आज्ञावली पूर्वीच्याच यंत्रावर चालेल काय, हे दोन प्रश्न तत्काळ उभे राहतात. प्रस्तुत निबंधाचा विषय हे दोन प्रश्न होत.

येथे दोन संज्ञा प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. आज्ञावली लिहिणे, तिचे यंत्राला समजेल अशा रूपात संकलन करणे आणि तिची चाचणी घेणे यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘विकसनसाधन’ असे म्हटले आहे. तयार झालेली आज्ञावली वापरकर्त्याच्या संगणकावर चालण्यासाठी तेथे जो आधारभूत सॉफ्टवेअरचा संच असावा लागतो, त्याला ‘रनटाइम’ ही रूढ संज्ञा वापरली आहे. विकसनसाधन आज्ञावलीकाराच्या मेजावर असते, तर रनटाइम वापरकर्त्याच्या यंत्रात असतो. पहिले दर दोन-तीन वर्षांनी बदलते. दुसरा मात्र यंत्र बदलेपर्यंत तसाच राहतो. या दोहोंच्या गतीतील तफावत हेच सुसंगततेच्या समस्येचे मूळ कारण होय.

ही तफावत भरून काढण्यासाठी १९६४ पासून जे उपाय योजले गेले, त्यांचा मागोवा या निबंधात घेतला आहे. मुख्य उदाहरण म्हणून मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ हे साधन आणि डॉट नेट फ्रेमवर्क हा रनटाइम यांचा विचार केला असून तुलनेसाठी जावाचा आणि भारतीय शिक्षणक्षेत्रातील टर्बो सीचा आधार घेतला आहे. नव्या साधनाने जुन्या रनटाइमची नोंद स्वतःजवळ किती काळ बाळगली, यावर जुन्या आज्ञावल्यांचे आयुष्य ठरत आले, असे या इतिहासातून दिसून येते.

पूर्वपीठिका

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी सुसंगतता ही संगणकाकडून बाळगण्याची अपेक्षाच नव्हती. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांचे आज्ञासंच परस्परांहून भिन्न असत. मोठे यंत्र घेणाऱ्या संस्थेला आपल्या सर्व आज्ञावल्या नव्याने लिहून घ्याव्या लागत. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम ३६० या संगणकमालेची घोषणा केली आणि ही स्थिती बदलली. लहान-मोठ्या क्षमतेच्या सर्व प्रतिकृतींना एकच आज्ञासंच लागू करण्यात आला. लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावरही चालेल, असे आश्वासन ग्राहकाला प्रथमच मिळाले.

तथापि आधीच्या आज्ञावल्यांचा प्रश्न शिल्लक होता. १९५९ मध्ये जाहीर झालेले आयबीएम १४०१ हे यंत्र अनेक व्यापारी संस्थांत रुजलेले होते. या ग्राहकांना टिकवून धरण्यासाठी नव्या मालेतील काही प्रतिकृतींमध्ये १४०१ च्या आज्ञांचे अनुकरण करण्याची सोय देण्यात आली. नव्या यंत्राने जुन्या यंत्राचे सोंग घ्यावे, ही युक्ती तेव्हापासून संगणकक्षेत्रात रूढ झाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुसंगततेचा भार या टप्प्यावर विक्रेत्याने स्वतःच्या शिरावर घेतला होता, कारण यंत्र, साधन आणि रनटाइम या तिन्ही गोष्टी त्याच्याच होत्या आणि ग्राहक दुरावला तर नुकसानही त्याचेच होते. वैयक्तिक संगणकाच्या युगात हे समीकरण राहिले नाही. यंत्र एकाचे, कार्यप्रणाली दुसऱ्याची, आज्ञावली तिसऱ्याची आणि वापरकर्ता चौथाच, अशी विभागणी झाली.

व्हिज्युअल बेसिक आणि सामायिक घटकांचा गोंधळ

मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिकची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. चौकटी, कळी आणि नोंदतक्ते पडद्यावर ओढून ठेवायचे व त्यांच्यामागे थोडी आज्ञावली लिहायची, ही तिची पद्धत अत्यंत सोपी असल्याने लहान संस्थांसाठी हिशेब, ग्रंथालय, वेतनपत्रक आदींच्या असंख्य आज्ञावल्या तीत लिहिल्या गेल्या. १९९८ मध्ये आलेली सहावी आवृत्ती या मालेतील शेवटची ठरली. तीत तयार झालेली प्रत्येक आज्ञावली चालण्यासाठी ‘एमएसव्हीबीव्हीएम ६०’ नावाची रनटाइम फाइल यंत्रात असणे अनिवार्य होते. पाचव्या आवृत्तीची रनटाइम फाइल निराळी होती. म्हणजेच साधनाची आवृत्ती बदलली की रनटाइमही बदलत असे.

रनटाइमबरोबरच इतर सामायिक घटकही विंडोजच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवले जात. एखादी नवी आज्ञावली यंत्रात बसवताना तिच्याबरोबर आलेला घटक आधीच्या घटकाची जागा घेई आणि त्यावर अवलंबून असलेली जुनी आज्ञावली अकस्मात बंद पडे. या घटकफाइलींच्या नावावरून आज्ञावलीकारांनी या स्थितीला ‘डीएलएल हेल’ असे उद्वेगदर्शक नाव दिले. या गोंधळाला आवर घालण्यासाठी विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या प्रणालीफाइलींना संरक्षण देण्याची व्यवस्था करण्यात आली. परंतु ती मलमपट्टीच होती.

२००२ मध्ये व्हिज्युअल बेसिक डॉट नेट अवतरली. नाव तेच राहिले, भाषा मात्र पुष्कळ अंशी बदलली. ‘इंटिजर’ हा संख्याप्रकार १६ बिटांऐवजी ३२ बिटांचा झाला, ‘व्हेरियंट’ हा प्रकार वगळण्यात आला आणि मांडणीचे अनेक नियम बदलले. जुन्या प्रकल्पांचे रूपांतर करणारे एक साधन सोबत दिलेले होते. पण मोठ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत त्यानंतरही बरेच काम हातानेच करावे लागे. २०१० च्या व्हिज्युअल स्टुडिओतून हे रूपांतरसाधनही काढून टाकण्यात आले. सहाव्या आवृत्तीला असलेला मुख्य प्रवाहातील पाठिंबा मार्च २००५ मध्ये संपणार होता. त्याच सुमारास या भाषेचा विकास पुढे चालू ठेवावा, अशी याचिका आज्ञावलीकारांनी सादर केली आणि तीवर मायक्रोसॉफ्टनेच गौरवलेल्या अनेक तज्ज्ञांच्याही स्वाक्षऱ्या होत्या. कंपनीने निर्णय बदलला नाही. ८ एप्रिल २००८ रोजी साधनाचा विस्तारित पाठिंबाही समाप्त झाला.

रनटाइमच्या बाबतीत मात्र वेगळे धोरण स्वीकारले गेले. सहाव्या आवृत्तीचा रनटाइम पुढील प्रत्येक विंडोजमध्ये समाविष्ट होत गेला आणि २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्येही तो आहे. परिणामी एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. १९९९ मध्ये लिहिलेली आज्ञावली नव्या यंत्रावर चालते. परंतु तीत एक ओळ बदलावयाची तर २००८ नंतर पाठिंबा नसलेले साधन कोठून तरी मिळवून बसवावे लागते. आज्ञावली जिवंत आहे, पण तिच्यावर उपचार करण्याचे साधन कालबाह्य झाले आहे, असे तिचे वर्णन करता येईल.

डॉट नेट : साधन आणि रनटाइम यांची जखडलेली जोडी

डॉट नेट फ्रेमवर्कची १.० ही आवृत्ती फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सामायिक घटकांच्या गोंधळावर तीत मूलगामी उपाय योजण्यात आला होता. प्रत्येक घटकाला आवृत्तीसह स्वतंत्र ओळख देण्यात आली आणि एकाच घटकाच्या अनेक आवृत्त्या एका यंत्रात शेजारी-शेजारी नांदू शकतील, अशी रचना करण्यात आली. रनटाइमच्या विविध आवृत्त्याही एकाच यंत्रात सुखाने राहू शकत. वापरकर्त्याच्या बाजूने पाहता ही मोठीच प्रगती होती.

आज्ञावलीकाराच्या बाजूने मात्र एक नवीन बंधन आले. व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट २००२ हे साधन केवळ १.० साठी, २००३ चे साधन केवळ १.१ साठी आणि २००५ चे साधन केवळ २.० साठी आज्ञावली तयार करी. जुना प्रकल्प नव्या साधनात उघडला की रूपांतराची विचारणा होई आणि रूपांतर झाल्यावर तो प्रकल्प जुन्या साधनात पुन्हा उघडत नसे. ज्याच्या एका ग्राहकाकडे १.१ आणि दुसऱ्याकडे २.० असा रनटाइम होता, त्या आज्ञावलीकाराला दोन्ही साधने एकाच यंत्रात बाळगण्यावाचून गत्यंतर नव्हते. चांगला संपादक हवा म्हणून साधन बदलावे, तर त्याबरोबर ग्राहकाचे रनटाइमही बदलावे लागत. शेकडो यंत्रे असलेल्या संस्थेत असा बदल करणे म्हणजे मंजुरी, चाचणी, खर्च आणि खंडित कामकाज यांची मालिकाच असे.

२.० मधील बदलामागे एक तांत्रिक निर्णय होता. सी शार्प भाषेत ‘जेनेरिक्स’ ही सोय आणताना मायक्रोसॉफ्टने ती थेट रनटाइमच्या अंतरंगात बसवली. त्यामुळे ती कार्यक्षम झाली. परंतु तिचा वापर करणारी आज्ञावली १.१ च्या रनटाइमवर चालणे अशक्य झाले. जावाने २००४ मधील पाचव्या आवृत्तीत हीच सोय आणताना संकलनाच्या वेळी प्रकारविषयक माहिती पुसून टाकण्याचा मार्ग पत्करला, जेणेकरून जुन्या आणि नव्या लायब्ररी एकत्र नांदू शकतील. एकाने भविष्यातील सोयीला अग्रक्रम दिला, दुसऱ्याने भूतकाळाशी असलेल्या नात्याला. दोन्ही निर्णयांची किंमत त्या-त्या आज्ञावलीकारांनी पुढे अनेक वर्षे चुकती केली.

बहुलक्ष्यी साधनाचा उदय

नोव्हेंबर २००७ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २००८ पूर्ण झाले आणि त्यात प्रथमच ‘मल्टी-टार्गेटिंग’, म्हणजे बहुलक्ष्यी संकलनाची सोय देण्यात आली. एकाच साधनातून २.०, ३.० किंवा ३.५ यांपैकी कोणत्याही रनटाइमसाठी आज्ञावली तयार करणे त्यामुळे शक्य झाले. साधनाची आवृत्ती आणि लक्ष्याची आवृत्ती या दोन गोष्टी परस्परांपासून विलग झाल्या, हे या घटनेचे महत्त्व होय.

हे शक्य होण्याचे कारणही समजून घ्यावयास हवे. ३.० आणि ३.५ या आवृत्त्यांनी नवीन लायब्ररींची भर घातली होती. त्यांच्या तळाशी असलेले यंत्र मात्र २.० चेच होते. तिन्हींचा पाया समान असल्याने एकाच संकलकाला तिन्हींसाठी काम करता आले. सी शार्पच्या तिसऱ्या आवृत्तीतील अनेक नव्या रचनांचे संकलक स्वतःच जुन्या रूपात भाषांतर करीत असल्याने त्या २.० च्या आज्ञावलीतही वापरता येत. भाषेची आवृत्ती, लायब्ररीची आवृत्ती आणि रनटाइमची आवृत्ती या तीन भिन्न बाबी आहेत, ही जाणीव सामान्य आज्ञावलीकाराला या काळात झाली. १.० आणि १.१ मात्र या सोयीतून वगळले गेले.

तथापि या व्यवस्थेत एक छिद्र राहून गेले होते. ३.५ बसवताना यंत्रातील २.० ची सुधारित प्रतही बसत असे आणि या सुधारित प्रतीत काही नव्या पद्धतींची भर पडलेली होती. उदाहरणार्थ, ‘वेटहँडल’ या वर्गातील ‘वेटवन’ या पद्धतीचा एक सुटसुटीत प्रकार अशाच सुधारणेतून आला. आज्ञावलीकाराने २.० हे लक्ष्य निवडून त्या पद्धतीचा उपयोग केला, तर साधन कोणतीही तक्रार न करता संकलन पूर्ण करी. ग्राहकाच्या यंत्रात मूळ २.० असेल तर तेथे मात्र ती पद्धत सापडत नाही, असा दोष चालू कामात उद्भवे. लक्ष्य जुने असले तरी साधनाच्या नजरेसमोर असलेली लायब्ररी नवी होती, हे त्याचे कारण.

यावरील उत्तर म्हणून २०१० पासून ‘संदर्भ-असेंब्ली’ ही संकल्पना रूढ झाली. प्रत्येक जुन्या आवृत्तीत कोणते वर्ग आणि कोणत्या पद्धती होत्या, याची केवळ सूची असलेल्या फाइली साधनाबरोबर दिल्या जाऊ लागल्या. त्यांत प्रत्यक्ष कार्य करणारा भाग नसतो. संकलक यंत्रात बसवलेल्या लायब्ररीकडे न पाहता या सूचीकडे पाहतो आणि तीत नसलेली गोष्ट वापरल्यास तेथेच अडवतो. जुन्या रनटाइमची विश्वासार्ह स्मृती साधनाला प्राप्त झाली, असे या उपायाचे सार सांगता येईल.

४.० नंतरची स्थिती

एप्रिल २०१० मध्ये आलेल्या ४.० बरोबर तळाचा रनटाइम पुन्हा बदलला. २.० साठी तयार झालेली आज्ञावली ४.० वर आपोआप चालणार नाही, असे धोरण ठरवण्यात आले. जुन्या आज्ञावलीच्या वर्तनात नकळत बदल होऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये ४.५ हा रनटाइम मुळातच होता आणि ३.५ मागणीनुसार बसवावा लागे. त्यामुळे जुनी आज्ञावली सुरू करताच ३.५ बसवण्याची सूचना वापरकर्त्याच्या समोर येऊ लागली. सोबतच्या संरूपण फाइलमध्ये एक-दोन ओळी लिहून आज्ञावली ४.० वरही चालू शकते असे जाहीर करण्याची तरतूद होती. पण ती आज्ञावलीकाराला ठाऊक असावी लागे आणि आज्ञावलीकार अद्याप उपलब्ध असावा लागे.

ऑगस्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.५ ने आणखी निराळी वाट धरली. ती ४.० च्या शेजारी न बसता तिची जागा घेत असे. शेजारी-शेजारी नांदण्याचे २००२ मधील तत्त्व या मालेपुरते बाजूला पडले आणि मागील आवृत्तीशी सुसंगत राहण्याची जबाबदारी रनटाइमने स्वतःकडे घेतली. ४.५ विंडोज एक्सपीवर चालत नव्हती, एक्सपीसाठी ४.० हीच अखेरची आवृत्ती ठरली. त्या काळी एक्सपी असंख्य कार्यालयांत वापरात होती आणि तिचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ पर्यंत चालू होता. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ च्या सी प्लस प्लस संकलकाने आरंभी एक्सपीसाठी आज्ञावली तयार करण्याची सोयच ठेवली नव्हती. नोव्हेंबर २०१२ मधील पहिल्या सुधारणेत ती पुन्हा देण्यात आली. जुन्या रनटाइमचा त्याग केव्हा करायचा हा निर्णय साधनकर्ता घेत असला, तरी वापरकर्त्यांच्या प्रत्यक्ष स्थितीपुढे त्यालाही माघार घ्यावी लागते, याचे हे उदाहरण होय.

पुढे मुदतींचा क्रम सुरू झाला. ४.०, ४.५ आणि ४.५.१ यांचा पाठिंबा जानेवारी २०१६ मध्ये, तर ४.५.२, ४.६ आणि ४.६.१ यांचा एप्रिल २०२२ मध्ये संपला. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ मधून ४.० ते ४.५.१ या लक्ष्यांच्या सूची वगळण्यात आल्या. जुना प्रकल्प त्यात उघडला असता लक्ष्य उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. संदर्भ-असेंब्ली स्वतंत्र पॅकेजच्या रूपाने मिळवून हा अडसर दूर करता येतो. परंतु साधनाच्या मुख्य संचातून ती स्मृती पुसली गेली आहे. याउलट त्याहून जुन्या ३.५ च्या पहिल्या सुधारित आवृत्तीचा पाठिंबा जानेवारी २०२९ पर्यंत राहील, असे जाहीर झालेले आहे. आवृत्ती जुनी म्हणून आधी बाद होईल, असा सरळ नियम येथे लागू पडत नाही.

२०१६ मध्ये आलेल्या डॉट नेट कोअरने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. रनटाइम आज्ञावलीबरोबरच बांधून देण्याची मुभा त्यात आहे. त्यामुळे यंत्रात कोणता रनटाइम आहे ही चिंता मिटते. पण रनटाइममध्ये सुरक्षेचा दोष आढळल्यास अशी प्रत्येक आज्ञावली पुन्हा बांधून पाठवावी लागते. हे काम आज्ञावली पुरवणाऱ्याकडे जाते आणि तो अस्तित्वात नसेल तर दोष तसाच राहतो.

जावाचा समांतर अनुभव

सन मायक्रोसिस्टिम्सने जानेवारी १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर चालेल, ही तिची मुख्य ग्वाही होती. ही ग्वाही यंत्रांच्या भिन्नतेबाबत बरीचशी पाळली गेली. काळाच्या भिन्नतेबाबत मात्र ती एकाच दिशेने लागू होती. जुनी आज्ञावली नव्या रनटाइमवर चाले, नवीन आज्ञावली जुन्यावर चालत नसे. जावाच्या प्रत्येक संकलित फाइलच्या प्रारंभी आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. पाचव्या आवृत्तीसाठी तो ४९ आणि आठव्यासाठी ५२ आहे. रनटाइमला स्वतःच्या क्षमतेपेक्षा मोठा क्रमांक आढळला की तो फाइल नाकारतो.

जुन्या रनटाइमसाठी संकलन करता यावे म्हणून संकलकाला लक्ष्याची आवृत्ती सांगण्याची सोय आरंभापासूनच्या काळात उपलब्ध झाली होती. परंतु डॉट नेटमध्ये आढळलेले छिद्र येथेही होते. लक्ष्य सहावे सांगितले तरी संकलक लायब्ररी मात्र आठव्या आवृत्तीची पाही. ‘कॉन्करंट हॅशमॅप’ या वर्गातील ‘कीसेट’ या पद्धतीचा परतावा-प्रकार आठव्या आवृत्तीत बदलला. परिणामी आठव्या आवृत्तीच्या साधनाने जुन्या लक्ष्यासाठी बिनतक्रार संकलित केलेली आज्ञावली जुन्या रनटाइमवर ही पद्धत सापडत नाही म्हणून कोसळे. सप्टेंबर २०१७ मधील नवव्या आवृत्तीत ‘रिलीज’ हा नवा पर्याय देण्यात आला. त्यासाठी मागील आवृत्त्यांतील लायब्ररींची सूची संकलकाबरोबरच ठेवण्यात आली. दोन प्रतिस्पर्धी परंपरा वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तरापर्यंत पोहोचल्या, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

या स्मृतीलाही मर्यादा घालण्यात आली. नवव्या आवृत्तीने पाचव्या व त्याआधीच्या, २०१९ मधील बाराव्याने सहाव्या आणि २०२३ मधील विसाव्याने सातव्या आवृत्तीसाठी संकलन करणे थांबवले. मागील किती आवृत्त्या सांभाळायच्या याचे धोरण येथे आधीच जाहीर केलेले होते. अचानक येणाऱ्या बदलापेक्षा पूर्वसूचित बदल संस्थांना अधिक सुसह्य ठरतो.

भारतीय वर्गखोलीतील उलट उदाहरण

वरील सर्व उदाहरणांत साधन पुढे गेले आणि रनटाइम मागे राहिला. महाराष्ट्रासह भारतातील अनेक महाविद्यालयांत याच्या नेमके उलट घडले. बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० मध्ये आले. डॉस कार्यप्रणालीवरील १६ बिटांची ही साधने लहान, जलद आणि साध्या यंत्रावर चालणारी असल्याने ती प्रयोगशाळांत, पाठ्यपुस्तकांत आणि प्रात्यक्षिक परीक्षांत स्थिरावली. सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये निश्चित झाले आणि त्याने शीर्ष-फाइलींची जुनी नावे व काही रूढ लेखनपद्धती बाद केल्या. वर्गात मात्र जुनीच पद्धत शिकवली जात राहिली, कारण अभ्यासक्रम, पुस्तक आणि परीक्षक हे तिघेही त्याच साधनाशी बांधलेले होते.

पुढे ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांच्या आज्ञावल्या चालवणे बंद केले. तेव्हा साधन बदलण्याऐवजी प्रयोगशाळांनी डॉसबॉक्स या अनुकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरचा आश्रय घेतला. २००२ मध्ये मुख्यतः जुने खेळ चालवण्यासाठी आलेले हे सॉफ्टवेअर शिक्षणसंस्थांच्या उपयोगी पडले. १९६४ मध्ये १४०१ साठी योजलेली युक्तीच येथे नव्या रूपात अवतरली. फरक इतकाच, की तेथे विक्रेत्याने ग्राहकाची गुंतवणूक वाचवली. येथे संस्थांनी अभ्यासक्रम बदलण्याचे कष्ट वाचवले आणि त्याचा भार विद्यार्थ्यांवर पडला. नोकरीच्या ठिकाणी आधुनिक संकलकासमोर बसल्यावर आपण शिकलेली पहिलीच ओळ स्वीकारली जात नाही, हा अनुभव त्यांच्या वाट्याला आला. अनुकरणामुळे जुने जतन होते, तशीच बदलाची निकडही झाकली जाते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१. विकसनसाधन आणि रनटाइम यांच्या बदलाची गती भिन्न असल्याने विसंगती अपरिहार्य असते. ती पूर्णतः टाळता येत नाही. तिचा भार कोणी वाहायचा हेच ठरवता येते. १९६४ मध्ये तो प्रामुख्याने विक्रेत्याने वाहिला. पुढे तो आज्ञावलीकाराकडे आणि अंतिमतः वापरकर्त्या संस्थेकडे सरकत गेला.

२. साधनाची आवृत्ती आणि लक्ष्याची आवृत्ती यांची फारकत हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. मात्र केवळ लक्ष्य निवडता येणे पुरेसे नसून जुन्या लायब्ररीची अचूक सूची साधनाजवळ असणे आवश्यक आहे, हे डॉट नेट आणि जावा या दोन्हींच्या अनुभवावरून सिद्ध झाले.

३. आज्ञावली चालू राहणे आणि ती दुरुस्त करता येणे या भिन्न गोष्टी आहेत. व्हिज्युअल बेसिकच्या बाबतीत पहिली गोष्ट टिकली, दुसरी हरपली.

४. सुसंगतता ही मुदतीने बांधलेली हमी आहे. मुदत आधी कळली तर संस्थेला तयारीस अवसर मिळतो.

समारोप

या विवेचनाचा संबंध केवळ संगणकशास्त्र विभागापुरता नाही. प्रवेश, परीक्षा, वेतन आणि ग्रंथालय यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या आज्ञावल्या प्रत्येक महाविद्यालयात आहेत. आज्ञावली तयार करून घेताना तिची मूळ संहिता मागून घ्यावी, एवढी दक्षता अनेक संस्था घेतात. परंतु संहितेबरोबरच ती कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीत संकलित झाली, कोणत्या रनटाइमसाठी झाली आणि कोणते बाह्य घटक तीत वापरले, याची नोंद ठेवणे आणि शक्य तेथे त्या साधनाची परवानाप्राप्त प्रतही जतन करणे तितकेच आवश्यक आहे. साधनाविना संहिता म्हणजे लिपी अवगत नसलेले हस्तलिखित होय. मोडी लिपीतील दप्तरे सुस्थितीत असूनही ती वाचणारे विरळ झाले, की त्यांतील माहिती दुर्लभ होते, हे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना सांगावयास नको. संगणकीय दप्तरांच्या बाबतीत हा काळ शतकांचा नसून दहा-पंधरा वर्षांचाच आहे. त्यामुळे दर वर्षी यंत्रसामग्रीची नोंदवही तपासली जाते, त्याच वेळी आज्ञावल्यांची अशी नोंदवहीही तपासली जावी आणि पाठिंब्याची मुदत संपण्यापूर्वी त्यांच्या स्थलांतराचा निर्णय घेतला जावा, ही या अभ्यासातून निघणारी व्यावहारिक अपेक्षा आहे.